यकृताला थांबवतो कोण?

नोव्हेंबर १९९८ मध्ये दिल्लीच्या इंद्रप्रस्थ अपोलो रुग्णालयात दोन वर्षांचेही नसलेले एक मूल शस्त्रक्रियेच्या टेबलावर होते. जन्मापासूनच त्याच्या पित्तनलिकांचा मार्ग बंद होता आणि साठलेल्या पित्ताने यकृत निकामी केले होते. वडिलांच्या यकृताचा एक भाग कापून त्याच्या पोटात बसवण्यात आला. भारतात लहान मुलावर यशस्वी झालेले ते पहिले यकृत-प्रत्यारोपण. ते मूल जगले, शिकले आणि मोठेपणी स्वतः डॉक्टर झाले. वर्तमानपत्रांनी ही हकिगत वेळोवेळी छापली आहे, आणि ती छापण्याजोगीच आहे. मात्र पेशीविज्ञानाला तिच्यातला जो भाग सर्वांत विलक्षण वाटतो, तो बातमीत सहसा येत नाही. अशा शस्त्रक्रियेनंतर दात्याच्या पोटात उरलेले यकृत काही आठवड्यांत बरेचसे भरून येते आणि थांबते. बाळाच्या पोटातला तुकडा बाळाच्या अंगाबरोबर वाढत जातो आणि तोही त्या अंगाच्या मापाला येऊन थांबतो. यकृत मुळात एकच, त्याचे दोन भाग झाले, आणि दोघे दोन निराळ्या मापांवर थांबले.

कापलेले यकृत पुन्हा वाढते हे बहुतेकांनी ऐकलेले असते. ते वाढायला कसे लागते याचा अभ्यास अफाट झाला आहे आणि सामान्य माणसाचे कुतूहलही तिथेच रेंगाळते. वाढ थांबते कशी, थांबवतो कोण आणि थांबवणारा नसेल तर काय होते, हे प्रश्न मागे राहतात. प्रस्तुत व्याख्यात्याच्या मते यकृताची खरी ताकद या मागे राहिलेल्या प्रश्नांत आहे. वाढण्याची हौस कर्करोगालाही असते.

या विषयाचा पाया १९३१ साली घातला गेला. अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या मेयो संस्थेत जॉर्ज हिगिन्स आणि रूबेन अँडरसन यांनी प्रयोगशाळेतल्या पांढऱ्या उंदरांवर एक शस्त्रक्रिया बसवली. उंदराच्या यकृताचे खंड सुटे सुटे असतात. खंडाच्या देठाला दोरा बांधला की बाकीच्या यकृताला इजा न करता तो अलगद काढता येतो. त्यांनी दोन मोठे खंड, म्हणजे सुमारे दोन-तृतीयांश यकृत, काढून टाकले. आठवडा-दहा दिवसांत उरलेल्या यकृताचे वजन जवळपास पूर्वीइतके झाले. काढलेले खंड परत उगवले नाहीत, उरलेलेच मोठे झाले. ही शस्त्रक्रिया इतकी नेटकी होती की नव्वद वर्षांनंतरही जगभरच्या प्रयोगशाळा तीच वापरतात. तिच्यामुळे घड्याळ लावून पेशी पाहता येतात: शस्त्रक्रियेनंतर साधारण २४ तासांनी उंदराच्या यकृतपेशींत डीएनएची नक्कल करण्याचे काम ऐन भरात असते, आणि त्या आधी या पेशी जवळजवळ सगळ्याच विभाजनाबाहेर स्वस्थ बसलेल्या असतात.

वाढीचा निरोप रक्तातून येतो हे १९६७ साली फ्रेडरिक मूल्टन आणि नॅन्सी बुकर यांनी दाखवले. दोन उंदरांचे रक्ताभिसरण एकमेकांना जोडले आणि एकाचेच यकृत कापले, तरी दुसऱ्याच्या धडधाकट यकृतातही डीएनए तयार होऊ लागला. पुढे १९८० च्या दशकात यकृतपेशींना वाढायला लावणारी प्रथिने वेगळी काढली गेली. ती सारी कथा मोठी आहे आणि अनेकदा सांगून झाली आहे. इथे तिच्यावर अधिक थांबण्याचे कारण नाही.

थांबण्याविषयीचा पुरावा शल्यचिकित्सकांकडून आला. १९८० च्या दशकात थॉमस स्टार्झल यांच्या पिट्सबर्गच्या गटाने लहान कुत्र्यांची यकृते मोठ्या कुत्र्यांत बसवली. ती नव्या धन्याच्या अंगाला पुरतील इतकी वाढली आणि तिथे थांबली. १९९२ साली त्याच गटाने बबून माकडाचे यकृत एका मरणासन्न रुग्णाला बसवले. रुग्ण पुढे दगावला, पण ते यकृत थोड्याच दिवसांत माणसाच्या मापाकडे वाढताना दिसले. याचा अर्थ, किती वाढायचे हा आकडा यकृताच्या पोटात लिहून ठेवलेला नसतो. शरीराची गरज आणि यकृताचे आकारमान यांचा मेळ सतत घातला जातो, आणि मेळ बसला की प्रत्येक पेशीला स्वतःच्या आत विभाजन बंद करावे लागते. ही बंद करण्याची यंत्रणा कोणती?

त्यासाठी पेशीचक्राची तोंडओळख करून घेणे भाग आहे. पेशी दुभंगण्यापूर्वी ठरलेल्या टप्प्यांतून जाते: आधी तयारी, मग डीएनएची नक्कल, पुन्हा तपासणी आणि शेवटी विभाजन. एका टप्प्यातून पुढच्यात ढकलण्याचे काम सायक्लिन आणि त्यांना बांधली जाणारी सीडीके नावाची विकरे मिळून करतात. टिम हंट यांना १९८२ साली अमेरिकेतल्या वुड्स होल इथे समुद्री साळींदरांच्या अंड्यांत पहिले सायक्लिन दिसले. लेलँड हार्टवेल आणि पॉल नर्स यांनी किण्वपेशींत या यंत्रणेची जनुके शोधली होती. २००१ चे नोबेल तिघांना मिळून मिळाले. विश्रांतीतल्या पेशीत आरबी नावाचे प्रथिन डीएनए-नकलेची जनुके दाबून धरते. सायक्लिन-सीडीकेच्या जोड्या आरबीवर फॉस्फेटचे गट चढवतात, त्याची पकड सुटते आणि पेशी मागे फिरता येणार नाही अशा उंबरठ्यापलीकडे जाते.

१९९३ आणि १९९४ ही दोन वर्षे या शास्त्रात फार गजबजलेली होती. सीडीकेला अडवणारी प्रथिने एकामागून एक सापडत गेली. पी२१ हे प्रथिन तर वेगवेगळ्या प्रयोगशाळांना वेगवेगळ्या वाटांनी जवळजवळ एकाच वेळी भेटले. सीडीकेला चिकटणारे काय आहे हे शोधणाऱ्यांना ते मिळाले. बर्ट फोगेलस्टाइन यांच्या गटातल्या वफिक एल-देइरी यांना ते पी५३ या कर्करोगरोधक प्रथिनाच्या हुकमावरून तयार होताना दिसले. आणि म्हाताऱ्या झालेल्या, विभाजन सोडलेल्या पेशींतही तेच भरपूर आढळले. पेशीचक्र, कर्करोग आणि वार्धक्य या तीन वाटा एकाच प्रथिनापाशी येऊन मिळाल्या. पाठोपाठ पी१६, पी२७, पी१५ आणि पी५७ ही मंडळी उजेडात आली. पी१६ आणि पी१५ फक्त सुरुवातीच्या सीडीके-४ व सीडीके-६ या विकरांना अडवतात. पी२१ आणि पी२७ यांचा मुख्य रोख सीडीके-२ वर असतो, पण त्यांचा वावर अधिक व्यापक आहे.

यकृतात या लगामांचे काय चालते? १९९६ साली हाँग वू, टेरी व्हॅन डाइक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे उंदीर तयार केले की त्यांच्या यकृतपेशी पी२१ सतत भरपूर बनवत राहतील. पिल्ले जन्मली, पण यकृत लहान राहिले. त्यात पेशी थोड्या होत्या आणि त्यांची केंद्रके बेढब मोठी. पिल्लांची सगळी वाढच खुंटली, अनेक लवकर मेली. वाचलेल्यांचे यकृत कापले तेव्हा उरलेल्या पेशी विभाजनाला उठल्याच नाहीत. एकच प्रथिन जास्त झाले आणि यकृताची ती प्रसिद्ध शक्ती नाहीशी झाली.

उलट बाजूचा प्रयोग मिनेसोटात जेफ्री अल्ब्रेख्त यांनी केला. पी२१ चे जनुकच नसलेल्या उंदरांत यकृत कापल्यावर डीएनएची नक्कल वेळेआधी सुरू झाली. त्यांच्याच कामातली आणखी एक नोंद लक्षात ठेवण्याजोगी आहे. निरोगी उंदरात यकृत कापल्यानंतर पी२१ चे प्रमाण कमी होईल असे कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात ते वाढते, आणि तेही पेशी विभाजनाची तयारी करत असतानाच. म्हणजे यकृत भरधाव सुटून शेवटी थांबत नाही. पहिल्या पावलापासून लगाम हातात धरूनच ते धावते. इतक्या पेशी एकदम विभाजनाला निघाल्या तरी यकृत साखर, प्रथिने आणि पित्त यांचे काम एक दिवसही बंद ठेवू शकत नाही. पेशींनी थोडे मागे-पुढे, बेताने उठावे यातच शरीराचे हित असते. पी२१ बद्दल एक गुंतागुंतही सांगायला हवी: अगदी थोड्या प्रमाणात असताना ते सायक्लिन-डी आणि सीडीके-४ यांची जोडी जमवायला मदतही करते. जास्त झाले की अडवते. प्रमाण हाच त्याच्या स्वभावाचा निर्णायक भाग आहे.

पी२७ ची कथा निराळी आहे. १९९६ साली तीन गटांनी स्वतंत्रपणे पी२७ नसलेले उंदीर वाढवले. ते आपल्या भावंडांपेक्षा अंगाने मोठे झाले. पेशी मोठ्या झाल्या नव्हत्या. अवयवांत पेशींची संख्याच जास्त होती, आणि पुढे पीयूष ग्रंथीत गाठी झाल्या. निरोगी शरीरात पी२७ हटवण्याचे काम एसकेपी-२ हे प्रथिन करते: ते पी२७ ला नाशासाठी खुणावते. जपानमध्ये केइइची नाकायामा यांच्या गटाने एसकेपी-२ नसलेल्या उंदरांचे यकृत कापले. पी२७ हटेना, त्यामुळे पेशी दुभंगेनात. तरीही यकृत आपल्या वजनाला पोहोचले, कारण प्रत्येक पेशीच फुगून मोठी झाली. २०१२ साली सिंगापूरमध्ये फिलिप काल्डिस यांच्या गटाने यकृतपेशींतून सीडीके-१ हे विभाजनाला अत्यावश्यक असलेले विकरच काढून टाकले, तेव्हाही तेच घडले. पेशी एकदाही दुभंगली नाही आणि यकृत भरून आले.

या दोन प्रयोगांचा अर्थ खोल आहे. मापाचा हिशेब पेशींच्या संख्येत होत नाही, काम करणाऱ्या एकूण वस्तुमानात होतो. संख्येचा मार्ग लगामाने बंद केला तर यकृत आकाराचा मार्ग धरते. निरोगी यकृतातही दोन केंद्रकांच्या किंवा दुप्पट-चौपट गुणसूत्रांच्या पेशी पुष्कळ असतात.

पेशीच्या आतले लगाम बाहेरच्या संकेतांवर ओढले जातात. यकृतात पेशींच्या रांगांलगत तारकापेशी असतात. त्या टीजीएफ-बीटा हे प्रथिन सोडतात आणि यकृतपेशींचे विभाजन मंदावते. १९९४ साली ग्रेगरी हॅनन आणि डेव्हिड बीच यांनी त्वचेच्या पेशींत दाखवले की टीजीएफ-बीटाच्या हुकमावर पी१५ वाढते आणि सीडीके-४ अडते. मापाची जाणीव देणारी दुसरी एक साखळी आहे, तिच्या टोकाला याप नावाचे प्रथिन असते. २००७ साली बाल्टिमोरमध्ये दुओजिया पान यांच्या गटाने उंदरांच्या यकृतात याप मोकळे सोडले. सामान्यतः शरीराच्या सुमारे ५ टक्के वजनाचे असणारे यकृत चार आठवड्यांत २५ टक्क्यांवर गेले. याप बंद करताच ते पुन्हा लहान होऊ लागले. चालूच ठेवले तेव्हा गाठी झाल्या.

आता या विषयाच्या गाभ्याकडे वळायला हवे. टायरोसिनेमिया नावाचा एक आनुवंशिक आजार आहे. त्यात टायरोसिन या अमिनो आम्लाच्या विघटनातले शेवटचे विकर नसते, विषारी पदार्थ यकृतपेशींतच साठतात आणि त्यांच्या डीएनएला रोज इजा होते. अशा मुलांत यकृताच्या कर्करोगाचा धोका इतर कुठल्याही मानवी आजारापेक्षा जास्त असतो. ओरेगॉनमध्ये मार्कस ग्रोम्पे यांनी हाच दोष असलेले उंदीर वाढवले. निटिसिनोन हे औषध दिले की विष तयारच होत नाही आणि उंदीर नीट जगतात; औषध थांबवले की यकृत ढासळू लागते. या उंदरांत निरोगी यकृतपेशी सोडल्या तर त्या संपूर्ण यकृत नव्याने उभे करतात. एका उंदरातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशा त्या पेशी नेत गेल्यावर १९९७ साली हिशेब निघाला की यकृतपेशी किमान ६९ वेळा दुप्पट होऊ शकते. पेशीत ताकदीची वाण नाही, एवढे यातून सिद्ध झाले.

मग औषध थांबवल्यावर त्या उंदराच्या स्वतःच्या पेशी का वाढत नाहीत? याचे उत्तर होल्गर विलेनब्रिंग आणि ग्रोम्पे यांनी २००८ साली दिले. इजा झालेल्या पेशींत पी२१ भरून येते आणि विभाजन पूर्णपणे अडते. पेशी मरायलाही तयार नसतात आणि वाढायलाही. उंदीर यकृत निकामी होऊन मरतो. संशोधकांनी पुढे अशा उंदरांतून पी२१ काढून टाकले. आता पेशी भराभर दुभंगू लागल्या. खराब पेशी मोठ्या संख्येने मरत होत्या, पण नव्या त्यांची जागा घेत होत्या, आणि उंदीर जगले. थोड्याच काळात त्यांच्या यकृतात कर्करोग झाला, मूत्रपिंडांतही झाला. खराब पेशींचा नियोजित मृत्यू चालू असूनही तो कर्करोग रोखू शकला नाही.

हा निष्कर्ष जितका वाचावा तितका गंभीर वाटतो. शरीरापुढे दोन संकटे होती: आज यकृत कमी पडणे, आणि उद्या बिघडलेल्या पेशींचे पीक माजणे. उत्क्रांतीने दिलेल्या या यंत्रणेने पहिले संकट पत्करले. मोडका डीएनए पुढच्या पिढीच्या पेशीत जाऊ द्यायचा नाही, मग प्राण गेला तरी चालेल, असा तिचा पक्का कल आहे. यकृत पुन्हा वाढते याचे कौतुक करताना हा कठोर पहारा त्याच पेशीत बसलेला आहे याची आठवण ठेवली पाहिजे.

सततच्या इजेतून कर्करोग उद्भवतो ही दिशा मुंबईतही फार पूर्वी चाचपली गेली होती. डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४० च्या दशकात भारतीय सवयींशी जोडलेल्या कर्करोगांचा अभ्यास केला. कमरेला वर्षानुवर्षे घट्ट बांधलेल्या धोतराच्या घर्षणाने त्या जागी होणारा त्वचेचा कर्करोग त्यांनी नोंदवला. मुंबईतल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते १९५२ पासूनचे पहिले संचालक. त्यांच्या काळात पी२१ चे नावही नव्हते, पण रोज जखमणारी आणि रोज भरून येऊ पाहणारी जागा धोक्याची असते हे त्यांच्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसत होते. यकृतातली अशी जागा म्हणजे सिरोसिस. हेपॅटायटिस बी आणि सी, दारू, चरबीचे यकृत, कारण कुठलेही असो, यकृताचे बहुतेक कर्करोग सिरोसिस झालेल्या यकृतात उगवतात.

आणि तिथे लगाम कसा तुटतो याचे एक उदाहरण थेट धान्याच्या कोठारातून येते. ओल लागलेल्या शेंगदाण्यावर आणि मक्यावर वाढणारी बुरशी अफलाटॉक्सिन तयार करते. १९७४ साली राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागांत असा मका खाऊन यकृतदाहाची साथ आली आणि शंभरावर माणसे दगावली. ही झाली मोठ्या मात्रेची गोष्ट. थोडे थोडे विष वर्षानुवर्षे पोटात गेले तर काय होते ते १९९१ साली चीन आणि आफ्रिकेच्या दक्षिण भागातल्या रुग्णांच्या गाठींत सापडले: पी५३ च्या जनुकात २४९ क्रमांकाच्या जागी एकच ठरावीक बिघाड. पी५३ बिघडले की पी२१ ला हाक मारणाराच उरत नाही. इतर अनेक गाठींत पी१६ चे जनुक जागेवर असते, पण त्यावर रासायनिक कुलूप लागून ते मुके झालेले असते. कर्करोग वाढीचे नवे बळ मिळवतो तितकाच तो पहारेकरी संपवतो.

मात्र लगामाचीही दुसरी बाजू आहे, आणि ती प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. २००२ साली जर्मनीत कार्ल लेनहार्ड रुडॉल्फ यांच्या गटाने वेगवेगळ्या कारणांनी सिरोसिस झालेली मानवी यकृते तपासली. कारण काहीही असले तरी यकृतपेशींत गुणसूत्रांची टोके आखूड झालेली आणि पेशीवार्धक्याच्या खुणा उमटलेल्या होत्या. पहारा कायमचा बसला होता आणि यकृत स्वतःला भरून काढू शकत नव्हते. तीव्र इजेतही असेच होते. पॅरासिटामॉलची मात्रा फार झाली तर यकृतपेशी तासांतच मरू लागतात. एडिंबरोतल्या स्टुअर्ट फोर्ब्स आणि थॉमस बर्ड यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली दाखवले की अशा वेळी वाचलेल्या पेशींतही पी२१ भरते आणि टीजीएफ-बीटाच्या मार्फत हे थांबणे शेजारच्या पेशींत पसरत जाते. ज्या पेशींनी उठून काम करायचे, त्याच थिजतात. टीजीएफ-बीटाचा संकेत अडवणारे औषध उंदरांना दिले तेव्हा पेशी पुन्हा विभाजू लागल्या आणि जास्त उंदीर वाचले.

म्हणूनच लगाम सैल करणाऱ्या औषधांची ओढ समजण्यासारखी आहे. यकृताचा दाता मिळत नाही म्हणून दर वर्षी माणसे मरतात, महाराष्ट्रातही मरतात. त्यांच्याच यकृताला उठवता आले तर याहून मोठी देणगी नाही. ट्युबिंगेनच्या लार्स झेंडर यांच्या गटाने २०१३ साली एमकेके-४ हे असेच अडवणारे एक विकर शोधले, आणि २०२४ साली त्याला दाबणारे औषध प्रसिद्ध केले. ८५ टक्के यकृत काढलेली डुकरे या औषधाने यकृत निकामी होण्यापासून वाचली, आणि निरोगी स्वयंसेवकांवर पहिल्या टप्प्याची चाचणीही झाली. हे काम आशेचे आहे आणि ते पुढे जायला हवे.

पण टायरोसिनेमियाचे ते उंदीर या चर्चेत सतत समोर असले पाहिजेत. निरोगी दात्याचे यकृत, जे उद्या शस्त्रक्रियेने अर्धे होणार आहे, आणि वीस वर्षे दारूने किंवा विषाणूने झिजलेले यकृत, ही दोन एकाच मापाने मोजता येणार नाहीत. पहिल्यात डीएनए शाबूत आहे, काही दिवस लगाम सैल केला तर धोका कमी. दुसऱ्यात पी२१ ने थोपवून धरलेल्या पेशींपैकी कितींची गुणसूत्रे मोडलेली आहेत हे औषध देण्याआधी कुणालाच दिसत नाही. अशा रुग्णांवर चाचणी होईल तेव्हा औषध किती दिवस द्यायचे, बंद केल्यावर पी२१ परत येते का हे ऊतीच्या तुकड्यात तपासायचे की नाही, आणि पुढची किती वर्षे दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करत राहायचे, हे चाचणीच्या आराखड्यात पहिल्याच पानावर लिहिलेले असले पाहिजे. यकृत किती वाढले हा आकडा त्यानंतरचा.